तासाभराच्या कण्या, तीन मिनिटांची कोळंबी

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या खाडीपट्ट्यात, कोळंबीच्या हंगामात न्याहारीला ठरलेला बेत असे. मक्याच्या कण्या मऊ शिजवायच्या आणि त्यांच्यावर चरबीत परतलेली खाडीतली बारीक कोळंबी घालायची. या कण्यांना तिकडे ग्रिट्स म्हणतात. आज 'श्रिम्प अँड ग्रिट्स' अमेरिकेतल्या बड्या हॉटेलांतही मिळतं. त्याची सुरुवात १९८५ साली झाली. न्यूयॉर्क टाइम्सचे खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल गावी गेले, 'क्रूक्स कॉर्नर' या उपाहारगृहात बिल नील यांच्या हातचा हा पदार्थ त्यांनी खाल्ला आणि त्याबद्दल आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्याआधी तो किनाऱ्यावरच्या घरांपुरताच होता. भातशेतीसाठी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, म्हणजे गुल्ला गीची समाज, हाताने विणलेली फेकजाळी घेऊन खाडीत कोळंबी धरत आला आहे. या पदार्थावर पहिला हक्क त्यांचा, असं मला वाटतं.

पदार्थ दिसायला साधा आहे, पण घरी हमखास बिघडतो, कारण त्यातल्या दोन मुख्य जिनसांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कण्यांना पाणी हवं आणि वेळ हवा. कोळंबीला दोन्ही नको.

आधी कण्या. ग्रिट्ससाठी वापरतात तो 'डेंट' जातीचा मका. दाणा वाळला की त्याच्या डोक्यावर खळगा पडतो. दाणा उभा चिरून पाहिला तर आत दोन भाग दिसतात. मधला भाग पांढरा आणि पिठूळ, कडेचा टणक आणि काचेसारखा किंचित पारदर्शक. दळताना पिठूळ भागाचं पीठ होतं आणि टणक भागाच्या कण्या पडतात. या टणक भागात स्टार्चचे कण झीन नावाच्या प्रथिनात घट्ट रुतून बसलेले असतात, आणि झीन पाण्यात विरघळत नाही. कणी शिजायला वेळ का लागतो, याचं उत्तर इथे आहे.

मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतो. त्याची आतली घट्ट रचना मोडते, अमायलोजचे लांबलचक रेणू बाहेर पाण्यात येतात आणि मिश्रण दाट होतं. पातेल्यातलं पाणी एवढं तापायला पाच-सात मिनिटं पुरतात. उष्णताही कणीच्या गाभ्यापर्यंत झटकन पोचते. अडतं ते पाणी. पाणी कडेकडून आत झिरपत जातं आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. कणी दुप्पट जाड असेल तर गाभा भिजायला चौपट वेळ! म्हणून जात्यावरच्या जाड्याभरड्या कण्यांना पाऊण तास ते तास लागतो, आणि 'इन्स्टंट' ग्रिट्स मिनिटांत होतात, कारण ते कारखान्यात आधीच शिजवून वाळवलेले असतात. चवीच्या बाबतीत मात्र मी जाड कण्यांच्याच बाजूने आहे.

फसगत होते ती दहाव्या मिनिटाला. सुरुवातीला डाव फिरवताना कण्या बुडाशी खरखरतात. मग ती खरखर थांबते, मिश्रण एकदम जड होतं, डावाच्या मागे वाट उमटते, आणि झालंच की, असं वाटतं. हा दाटपणा कण्यांच्या पृष्ठभागावरच्या स्टार्चचा आणि सोबतच्या पिठाचा असतो. गाभा अजून कोरडाच असतो. चिमूटभर घेऊन दाताखाली धरलं की मधोमध कचकच लागते. अशा वेळी आच मंद ठेवायची, अर्धी वाटी गरम पाणी घालायचं आणि ढवळत राहायचं. दर दहा मिनिटांनी चाखून पाहावं. कणी जिभेने टाळूवर दाबली तरी विरघळली की ती शिजली.

एका वाटीला चार वाट्या पाण्यापासून सुरुवात करावी. पुढे आणखी लागतंच. कण्या उकळत्या पाण्यात टाकल्या तर गुठळ्या होतात. ढिगाऱ्याच्या बाहेरच्या कण्या क्षणात फुगून चिकट होतात आणि आतल्या कण्यांचा पाण्याचा रस्ता बंद होतो. त्यापेक्षा कण्या आदल्या रात्री गार पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी वर तरंगणारा कोंडा चमच्याने काढून टाकायचा आणि त्याच पाण्यासकट पातेलं आचेवर चढवायचं. गाभा रात्रीतच ओला झालेला असल्याने शिजायचा वेळही बराच कमी होतो. मीठ सुरुवातीलाच घालावं, लोणी आणि किसलेलं चीज शेवटी. आच मोठी ठेवलीत तर बुडाशी झालेली वाफ दाट मिश्रणात अडकते आणि फुटताना चटका देणारे शिंतोडे उडवते, तेव्हा झाकण हाताशी असू द्या.

आपल्याकडे खऱ्या ग्रिट्स शोधत बसायची गरज नाही. मक्याचा जाडा रवा मिळतो, तो पिवळा असला तरी चालतो. जात्यावर दळलेल्या ताज्या कण्या मिळाल्या तर मात्र फ्रीजरमध्ये ठेवा. त्यांत दाण्याचा अंकुर असतो, अंकुरात तेल असतं, आणि ते तेल उघड्यावर खवट होतं.

अंकुराचा विषय निघालाच आहे तर या पदार्थाच्या मुलखातली एक दुःखद गोष्ट सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा या रोगाने सुमारे एक लाख माणसं मेली, असा अंदाज आहे. उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, भ्रम होतो, आणि माणूस दगावतो. हा संसर्गजन्य रोग असावा असा बहुतेक डॉक्टरांचा समज होता. अमेरिकी सरकारच्या आरोग्यसेवेतले डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना १९१४ साली या कामावर नेमलं. त्यांना दिसलं की अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोगी आजारी पडतात, पण त्यांची शुश्रूषा करणारे पडत नाहीत. संशयाची सुई ताटाकडे वळली. १९१५ साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी मका, भात, साखरेचा पाक अशा आहारावर ठेवलं. ग्रिट्सही त्यात होत्या. काही महिन्यांत अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. तरीही संसर्गाचं पालुपद थांबेना, तेव्हा गोल्डबर्गर यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नीनेही टोचून घेतलं. दोघांनाही काही झालं नाही. गोल्डबर्गर १९२९ साली गेले. नेमकं कमी काय पडतं याचं उत्तर १९३७ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेजेम यांनी दिलं: नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व.

मक्यात नायसिन असतं, पण बहुतांशी अशा बांधलेल्या रूपात की आपलं आतडं ते सोडवून घेऊ शकत नाही. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतः थोडं नायसिन बनवतं, पण झीनमध्ये ट्रिप्टोफॅन जवळजवळ नाहीच. अमेरिकेचे मूळ रहिवासी मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवत. त्या क्षाराने नायसिन मोकळं होतं. युरोपातून आलेल्यांनी मका उचलला आणि हा संस्कार बहुतेक ठिकाणी मागे टाकला. पुढे गिरण्या अंकुरही काढून टाकू लागल्या. हा प्रश्न परदेशापुरताही नव्हता. आपल्या दख्खनच्या पठारावर, तेलंगणातल्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा आढळत असे. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीत भरपूर असलेल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला.

म्हणून ताटात कोळंबी आली की चवीच्या पलीकडेही फार काही होतं. कोळंबीचं प्रथिन सकस असतं. त्यातून ट्रिप्टोफॅन मिळतं, आणि वापरता येईल असं नायसिनही. कोळंबी, मासे, अंडी, दूध यांतलं काही रोजच्या मक्याबरोबर पोटात गेलं तर पेलाग्रा फिरकत नाही. साउथ कॅरोलायनाच्या आतल्या भागात, स्पार्टनबर्गच्या सूतगिरण्यांच्या वस्त्यांत, कामगारांना हेच परवडत नव्हतं.

आता तीन मिनिटांचं काम. कच्ची कोळंबी करडी-निळसर दिसते, कारण अस्टाझँथिन हे नारिंगी रंगद्रव्य एका प्रथिनाच्या मिठीत असतं आणि त्या मिठीत त्याचा रंग बदलतो. उष्णतेने प्रथिन उलगडतं आणि नारिंगी रंग सुटतो. मांसातली मायोसिन प्रथिनं पन्नाशीच्या अंशांतच गोठू लागतात, म्हणून कोळंबी इतक्या लवकर पांढरी आणि घट्ट होते. तापमान सत्तरच्या पुढे गेलं की अ‍ॅक्टिन हे मांसातलं दुसरं प्रथिनही आकसतं, तंतू पाणी पिळून बाहेर टाकतात आणि कोळंबी रबरासारखी वातड होते. कढईत तिच्या आकारावर नजर ठेवा. अर्धगोल वळली की उतरवा. पूर्ण वेटोळं झालं तर उशीर झाला.

कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी. सोड्याने मांसाची आम्लता उतरते, प्रथिनं एकमेकांपासून थोडी दूर सरकतात आणि पाणी धरून ठेवतात. सोडा मोजकाच, नाहीतर साबणाची चव येते. नंतर कापडाने कोरडी टिपून घ्या. समुद्रातल्या कोळंबीला जो गोडवा असतो तो ग्लायसिनसारख्या मोकळ्या अमिनो आम्लांचा. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी राखायला कोळंबी ती साठवते.

सालं आणि डोकी फेकू नका. त्यांना पाण्यात वीस मिनिटं मंद उकळी देऊन गाळलं की रस्सा तयार. तिकडे बेकनच्या चरबीत कांदा आणि ढोबळी मिरची परततात. डुकराचं मांस चालत नसेल तर लोणी घ्या आणि धुरकट चवीची स्मोक्ड पॅप्रिका घाला. त्यात चमचाभर मैदा खमंग भाजायचा आणि सालांचा रस्सा हळूहळू ओतायचा. मैद्याच्या कणांना चरबीचा लेप बसलेला असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत, गुठळ्या होत नाहीत. रस्सा दाटला की कोळंबी, तीन मिनिटं, आच बंद, वर लिंबू.

कण्या आधी तयार हव्यात, आणि वाटतं त्यापेक्षा जरा सैल. ताटात निवताना अमायलोजचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि त्या घट्ट होतात. उरलेल्या कण्या सकाळी फ्रीजमध्ये वडीसारख्या थापलेल्या सापडतील. पाणी घालून तापवल्या तरी पहिला मऊपणा पूर्ण परतत नाही, कारण अमायलोजच्या या नव्या गाठी सुटायला शंभर अंशांहून जास्त उष्णता लागते. त्यापेक्षा काप पाडा, कापडाने टिपा आणि लोखंडी तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता.