किशोरवयीन मातृत्व व पालकांचे दायित्व

वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी राहणारा गर्भ व त्यातून येणारे मातृत्व. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरावस्थेचे मानते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र १५ ते १९ हाच गट मोजतात, त्यामुळे पंधराच्या आतील माता त्या आकड्यांबाहेर राहतात. भारतात अशी बहुतेक गर्भधारणा विवाहानंतरची असल्याने पालकांच्या दायित्वाचा विचार विवाहवयापासूनच करावा लागतो.

मनुस्मृती (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या दरम्यानची मानतात) योग्य काळी कन्यादान न करणाऱ्या पित्याला दोष देते; पण गुणहीन वराला देण्यापेक्षा ऋतुमती कन्या आमरण घरी राहिलेली बरी, असेही सांगते (९.८९). नंतरच्या पराशरस्मृतीत ही मोकळीक उरत नाही. तेथे अविवाहित कन्येला रजस्वला झालेली पाहणारे आईबाप व थोरला भाऊ नरकाचे धनी होतात. वैद्यकाची भूमिका याहून निराळी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय १०) सोळा वर्षांच्या आतील स्त्रीला पंचविशी न गाठलेल्या पुरुषापासून राहिलेला गर्भ कुशीतच नाश पावतो, जन्मलाच तर फार जगत नाही, जगला तर दुर्बल होतो, असे सांगून ‘तस्मादत्यन्तबालायां गर्भाधानं न कारयेत्’ असा निषेध केला आहे. त्याच अध्यायात वधूचे वय बारा सांगणारा पाठ मिळतो. काही हस्तलिखितांच्या पाठात सोळा आहे. बारा हाच मूळ पाठ धरला, तरी विवाह आणि गर्भाधान यांची वये वेगळी मानून दोन्ही वचने जुळवता येतात. आयुर्वेदाचार्य वाग्भटही गर्भधारणेसाठी पूर्ण सोळा वर्षांची स्त्री सांगतो. म्हणून सोळा ही वैद्यकपरंपरेची मर्यादा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हाच वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संमतिवयाच्या (ज्या वयाआधी मुलीशी समागम हा गुन्हा ठरतो त्या वयाच्या) विधेयकावरून पुन्हा पेटला. कोलकात्याची फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या समागमाने दगावली (सु. १८८९-९०). संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी गृह्यसूत्रांच्या (विवाहादी गृहसंस्कारांचे प्राचीन ग्रंथ) आधारे ऋतुप्राप्तीनंतरचा विवाह शास्त्रसंमत ठरवला. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. मुलींचे विवाहवय १९२९ च्या शारदा कायद्याने १४, १९४९ मध्ये १५ व १९७८ मध्ये १८ झाले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली माता वा गर्भवती होत्या, महाराष्ट्रात ७.६ टक्के. याच वयाच्या देशातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. गर्भाक्षेपक (गरोदरपणी वा बाळंतपणी येणारे झटके), अकाली प्रसूती व कमी वजनाचे मूल हे धोके या वयात वाढतात. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीची उचल नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे ‘कोयत्या’ला मिळते. आईबाप चार-सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकले जाते. याला निव्वळ अज्ञान म्हणणे त्या आईबापांवर अन्यायाचे आहे.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असा विवाह लावून देणेच नव्हे, तर निष्काळजीपणे तो न रोखणे हाही पालकांचा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड. स्त्रीला मात्र कारावास नाही. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. २०२१ पासून तिच्यासाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांच्या मताने. पोक्सो कायद्याने (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) अल्पवयीन मुलीशी झालेला समागम पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने बोभाट्याच्या भीतीने मुलीला आडवाटेच्या इलाजाकडे नेले जाते, आणि तिच्या जिवाला खरा धोका तेथेच असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये, मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख त्या माहितीत उघड करण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. जन्मलेले मूल सांभाळणे शक्य नसेल, तर ते बालकल्याण समितीकडे सोपवता येते. फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते.