टिपस्टर (घोड्यांच्या शर्यती)

शर्यतीआधी कोणता घोडा येईल, म्हणजे जिंकेल, याचा अंदाज पैसे लावणाऱ्यांना सांगणारा जाणकार, किंवा जाणकार म्हणवून घेणारा, म्हणजे टिपस्टर. त्याचा अंदाज ती टिप. अमेरिकेत अशा माणसाला हँडिकॅपर म्हणतात आणि तिथून घोळ सुरू होतो, कारण भारतात आणि ब्रिटनमध्ये हँडिकॅपर हा अधिकृत माणूस असतो. कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचे हे तो ठरवतो. त्याला सगळे घोडे एका ओळीत पोहोचलेले हवे असतात, टिपस्टरला त्यातला एक पुढे निघणारा हवा असतो. थोडक्यात, टिपस्टर हँडिकॅपरची चूक शोधत असतो.

वजनाचे हे शास्त्र बसवण्यात ब्रिटनच्या अ‍ॅडमिरल राऊस यांचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांनी वयानुसार वजनाचे कोष्टक बांधले. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत प्रत्येक घोड्याला गुण असतात आणि गुणांवरून वर्ग ठरतो. उदाहरणार्थ, तिसरा वर्ग 40 ते 66 गुणांचा. एका गुणाला अर्धा किलो, म्हणून 66 गुणांच्या घोड्याला 46 गुणांच्या घोड्यापेक्षा 10 किलो जास्त वाहावे लागतात. घोडा जिंकला की गुण वाढतात आणि पुढच्या वेळी ओझेही वाढते. 'मागच्या रविवारी मस्त पळाला' एवढ्याच आधारावरची टिप कच्ची ठरते ती यामुळे. चांगला टिपस्टर वजन, अंतर, जॉकी, मैदानाची स्थिती आणि सकाळच्या सरावातल्या वेळा असे सगळे एकत्र तोलतो.

महाराष्ट्रात परवान्याच्या शर्यती होतात त्या मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलैपासून पुढे. नागपूरचा शौकीन तिथून सात-आठशे किलोमीटरवर बसलेला. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, फिरणारा घोडा घामेजला आहे की ताजातवाना, हे त्याला दिसत नाही. पहाटेचा सराव तर दूरच. नागपुरातल्या बर्डीवरच्या चहाच्या टपरीत त्याच्या हाती असतो मोबाइल आणि कुणाची तरी 'पक्की' टिप. गंमत अशी की हाच माणूस गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोडी नुसती चालताना पाहून धुरकऱ्यासकट (जोडी हाकणाऱ्यासकट) तिची किंमत करतो आणि तिथे कुणाची टिप विचारत नाही. घोड्याच्या बाबतीत मात्र अनोळखी माणसाचा शब्द त्याला चालतो.

टिपवर विश्वास ठेवावा का, याचे उत्तर 'किती घोडे आले' यात सापडत नाही. फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सर्वाधिक पैसे लागले तो घोडा, अनेक देशांत साधारण तीनांतली एक शर्यत जिंकतो. नुसते फेव्हरिट सांगत गेलेल्या टिपस्टरचीही शंभरात तीसेक नावे बरोबर येतात. पण भाव, म्हणजे जिंकल्यावर मिळणारा परतावा, कमी असतो. दर टिपला 10 रुपये लावले, 30 घोडे आले आणि दर विजयाला 28 रुपये परत मिळाले, तर हजार रुपये घालून 840 हाती येतात. दुसऱ्याचे शंभरात 15 च आले, पण दर वेळी 75 रुपये मिळाले, तर 1,125. लोकांत नाव पहिल्याचे होते, पैसा दुसऱ्याकडे असतो. अर्थात दुसऱ्यालाही लगेच डोक्यावर घेऊ नये. शंभर टिपांत 15 ऐवजी 12 येणे हा निव्वळ नशिबाचा फरक असू शकतो आणि 12 आले तर 900 च परत येतात. शंभर टिपा हा फार छोटा हिशेब आहे.

शिवाय टिप अनेकांना मिळाली की तिचा भाव पडतो. टोट या पैज-पद्धतीत सगळ्यांचे पैसे एका सामायिक गंगाजळीत जातात, त्यातून कपात होते आणि उरलेले विजेत्यांत वाटले जातात. एकाच घोड्यावर गर्दी झाली की वाटा घटतो. त्यावर कर वेगळा: जीएसटी 2017 पासून 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. एवढे ओझे ओलांडून फायद्यात राहणारा टिपस्टर विरळाच. हाँगकाँगमध्ये 1980 च्या दशकापासून संख्याशास्त्रीय प्रारूप वापरून मोठी कमाई करणाऱ्या बिल बेंटर यांनीही बाजारातला भाव आपल्या गणितात घेतला होता. गर्दीलाही बरेच काही कळते, हे त्यांनी मानले. उलट लांबच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या, घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, हे ग्रिफिथ यांनी 1949 मध्येच दाखवले होते. 'उलटफेर करणारी' टिप म्हणूनच बहुधा महाग पडते.

फसवणुकीचा एक जुना प्रकार आता मोबाइलवर आला आहे. सहा घोड्यांची शर्यत घ्या आणि 1,296 लोकांना फुकट टिप पाठवा, दर 216 जणांना वेगळा घोडा. जिंकलेल्या घोड्याचे 216 जण उरतात. त्यांना पुढच्या शर्यतीत असेच वाटा, 36 राहतात. तिसऱ्या शर्यतीनंतर सहा जण असे असतात, ज्यांना लागोपाठ तीन टिपा अचूक मिळाल्या. चौथीसाठी फी मागितली की ते हसत भरतात. बाकीचे 1,290 कुठे गेले, हे त्या सहांना कधीच कळत नाही.

टिप विकणाऱ्यांत लंडनचा रास प्रिन्स मोनोलुलू सर्वांत रंगीत. डोक्यावर शहामृगाची पिसे लावून तो बंद पाकिटातून टिपा विकायचा. 1920 च्या डर्बीत स्पायॉन कॉप या घोड्यावर त्याने 8,000 पौंड कमावल्याचे सांगतात. तरी पुढे कित्येक वर्षे तो पाकिटे विकतच राहिला. घोड्यांवर पैसे सुटत होते तर पाकिटे कशाला, असे कुणी विचारले असते तर?

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. त्यामुळे परवानाधारक क्लबांत पैज लावता येते. नागपुरी बोलीत पैसे लावणे ती लगवाडी आणि ते घेणे ती खायवाडी. परवान्याविना खायवाडी चालवणे गुन्हा आहे, मग टिप कितीही खरी निघो. बैलांच्या पटाचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले. 2014 मध्ये न्यायालयाने त्यावर बंदी घातली, 2017 मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा मान्य केला.