तीनशे आले कुठून?

"फोटो फाटतोय, तीनशे डीपीआयचा पाठवा," असा निरोप छापखान्यातून आला की घरातला एखादा हुशार पुतण्या फोटो उघडतो, 72 खोडून 300 लिहितो आणि परत पाठवतो. फोटो फाटायचा, म्हणजे छापल्यावर चौकोन चौकोन दिसायचा, तो दिसतोच. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, पण तो आकडा म्हणजे फाइलला लावलेली नुसती चिठ्ठी. आतले पिक्सेल होते तेवढेच राहतात. 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो पत्रिकेवर 4 इंचांत बसवला तर इंचाला 300 येतात, 12 इंचांत ताणला तर 100. छापायची रुंदी ठाऊक असेल, तर एवढा भागाकार पुरतो.

पण 300च का? याचं उत्तर संगणकात नाही, शाईत आहे.

ऑफसेट छपाईला करडा रंग छापताच येत नाही. प्लेटवर एखाद्या जागी शाई धरते किंवा धरत नाही. अर्धवट काही नाही. म्हणून फोटो ठिपक्यांत फोडतात. गडद जागी ठिपके फुगतात, उजळ जागी टाचणीच्या टोकाहून बारीक होतात, पण त्यांच्या केंद्रांमधलं अंतर तेच राहतं. काळा ठिपका आणि भोवतीचा कोरा कागद यांची सरासरी आपला डोळा काढतो आणि आपल्याला करडा दिसतो. हाच हाफटोन, म्हणजे ठिपक्यांची जाळी. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात या जाळीचंच गणित मांडत होते, आणि त्यांचे लेख इंग्लंडमध्ये छापून येत.

जाळी किती बारीक, हे कागद ठरवतो. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपका पसरतो, म्हणून तिथे इंचाला साधारण ठिपक्यांच्या 85 ते 100 ओळी. गुळगुळीत आर्ट पेपरवर 150 किंवा 175. आता गंमत अशी की ही जाळी तिरकी असते: रंगीत छपाईच्या चार शाईंपैकी काळ्याची 45 अंशांत, मॅजेन्टाची (गडद गुलाबी) 75, सायनची (आकाशी) 15, पिवळ्याची 0. हे कोन चुकले तर चित्रावर नकोशी नक्षी उमटते. काळ्याला 45 अशासाठी की तिरक्या रेघा डोळ्याला कमी खुपतात. पिक्सेल मात्र सरळ रांगेत. तिरक्या ठिपक्याला सरळ रांगेतून माहिती पुरवायची तर कर्णाच्या हिशोबाने किमान 1.41 पट पिक्सेल हवेत; हात सैल ठेवून दुप्पट धरतात. 150 दुणे 300! म्हणजे वर्तमानपत्राच्या जाहिरातीला 200 पुष्कळ झाले. (प्लेट बनवणाऱ्या यंत्राचे 2400 डीपीआय वेगळे. 2400 भागिले 150 म्हणजे 16, आणि 16 गुणिले 16 म्हणजे 256 कणांतून एकेक ठिपका घडतो.)

'एआयने एचडी करून देतो' म्हणणारी अॅप्स नसलेले पिक्सेल अंदाजाने भरतात. आजोबांच्या जुन्या फोटोत त्यामुळे उमटलेल्या पापण्या आजोबांच्याच असतील असं नाही.

फ्लेक्सला तर 300चा हट्ट नकोच. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखतो. 30 सेंटिमीटरवर ते अंतर 0.09 मिलिमीटर, 20 मीटरवर जवळजवळ 6 मिलिमीटर. चौकातल्या फ्लेक्सला हिशोबाने इंचाला 4-5 पिक्सेलही चालतील. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधले साहेब रस्त्यापलीकडून तुकतुकीत दिसतात. खांबाखाली जाऊन पाहा, नाकाच्या जागी चौकोन मोजता येतील.