वॉलपेपर काळा का दिसतो?

हर्णैच्या बंदरावरून आयफोनने टिपलेला सुवर्णदुर्गाचा फोटो विंडोज संगणकावर आणला, डेस्कटॉपची पार्श्वभूमी म्हणून लावला आणि पडदा काळा झाला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण फाइलच्या नावातील ‘एचईआयसी’ पुसून तेथे ‘जेपीजी’, म्हणजे जेपेग, लिहितात. त्याने काहीच साधत नाही, कारण फॉरमॅट नावात नसून फाइलच्या आतील बाइटांत असतो. प्रत्येक जेपेग फाइलचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६, तर पीएनजीचे पहिले चार १३७, ८०, ७८ आणि ७१ असतात. नाव कसेही बदलले तरी हे आकडे आणि त्यांमागची मांडणी तीच राहते.

२०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन एचईआयसी फॉरमॅट वापरू लागला. त्यातील चित्र एचईव्हीसी या व्हिडिओसाठी घडवलेल्या तंत्राने आवळलेले असते आणि ते उलगडणारा कोडेक विंडोजमध्ये नसेल, तर संगणकाच्या हाती पिक्सेल लागतच नाहीत. म्हणून कोडेक बसवावा किंवा फोटो एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून खऱ्या अर्थाने जेपेग वा पीएनजी म्हणून साठवावा. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी चित्रांनाही हाच उपाय लागू पडतो. छपाईसाठी चार शाईंच्या सीएमवायके पद्धतीत केलेले जेपेग मात्र उघडते, पण रंग भलतेच दिसू शकतात. ते पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा, म्हणजे आरजीबी, पद्धतीत बदलून घ्यावे.

चित्र दिसू लागले तरी अडचण संपत नाही, आणि माझ्या मते खरा विचार येथेच करावा लागतो. ४०३२ × ३०२४ पिक्सेलांचा फोटो न आवळता ठेवला, तर प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरून तो सुमारे ३.६६ कोटी बाइटांचा होईल. जेपेग तो कितीतरी लहान करते, कारण ते चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देते. पावसाळ्यात कातळसड्यावर दाटलेल्या गवत-फुलांच्या फोटोत ही काटछाट लपून जाते. समुद्रावरच्या संध्याकाळच्या आकाशात मात्र केशरी रंग अतिशय सावकाश जांभळ्याकडे झुकत असतो, त्यामुळे थोडेसे तपशील गेले तरी तेथे पट्टे आणि चौकोन उमटतात. त्यातच विंडोज १० जेपेग वॉलपेपर लावताना सुमारे ८५ टक्के गुणवत्तेची नवी प्रत करते, म्हणजे आधीच झीज झालेले चित्र पुन्हा आवळले जाते. ही प्रत ‘थीम्स’ फोल्डरात ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ या नावाने, एक्स्टेंशनशिवाय, म्हणजे नावाअखेरच्या ‘जेपीजी’सारख्या शेपटाशिवाय, सापडते. मूळ चित्र स्वच्छ असूनही पडद्यावर डाग दिसत असतील, तर दोन्ही उघडून शेजारी ठेवून पाहावीत.

आकाशाच्या फोटोसाठी म्हणूनच मूळ फाइलपासून थेट पीएनजी करणे मला योग्य वाटते, कारण पीएनजी एकही पिक्सेल गमावत नाही; फाइल मोठी होते, पण एका वॉलपेपरपुरती ती अडचण नव्हे. मात्र व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेले चित्र आधीच लहान केलेले असते, त्याची पीएनजी करून गेलेला तपशील परत येत नाही. प्रत करतानाच चित्र पडद्याच्या मापाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी १९२० × १०८० ला, कापून घ्यावे. ४:३ चा फोटो १६:९ च्या पडद्यावर ‘फिल’ने, म्हणजे पडदा पूर्ण भरणाऱ्या पर्यायाने, लावला की उंचीचा चौथा भाग जातो, तो वरून, खालून की दोन्हीकडून कापायचा, हे आपणच ठरवले तर किल्ल्याचे बुरूज चौकटीबाहेर जात नाहीत.