रुईवरचा पिवळा मावा

रुई, कण्हेर आणि त्यांच्या कुळातील चीक असलेल्या इतर झाडांचा रस शोषून जगणारा मऊ शरीराचा कीटक. शास्त्रीय नाव ॲफिस नेरिआय. हेमिप्टेरा गणातील ॲफिडिडी कुलात त्याचा समावेश होतो. फ्रेंच निसर्गअभ्यासक बॉयर द फाँस्कोलाँब यांनी १८४१ मध्ये त्याचे वर्णन केले. मूळचा भूमध्य समुद्राकाठचा मानला जाणारा हा मावा आता उष्ण प्रदेशांत सर्वत्र दिसतो.

ठाणे-नवी मुंबईत त्याला खाद्याची वाण नाही. रेल्वे रुळांच्या कडेला, खाडीलगतच्या भरावावर, येऊर आणि पारसिकच्या पायथ्याशी रुई आपोआप उगवते. कण्हेर सोसायट्यांच्या कुंपणाला आणि बागांतून लावलेली असते. हळदीकुंकू या फुलझाडावरही तो येतो. शहापूर-मुरबाडकडे वाल-चवळीवर पडणारा काळा मावा मात्र वेगळ्या जातीचा आहे. शनिवारी मारुतीला वाहायच्या माळेसाठी रुईची पाने खुडणाऱ्यांनी हा पिवळा मावा नक्कीच पाहिलेला असतो, कारण तो कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर दाटीने बसतो.

पूर्ण वाढलेली बिनपंखी मादी दीड ते अडीच मिलिमीटर लांब, मोहरीच्या दाण्याएवढी असते. शरीर लख्ख पिवळे. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि पायांचा बराचसा भाग काळा. पोटाच्या मागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या उभ्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक काळी शेपटी. या नळ्या हीच मावा ओळखण्याची खरी खूण. संकट आले की त्यांतून चिकट द्रव बाहेर पडतो आणि शेजारच्या माव्यांना इशारा मिळतो. तोंड म्हणजे सोंड. तिच्यातील केसासारख्या बारीक सुया झाडाच्या अन्नरसवाहिनीपर्यंत पोचतात. या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्ले अपुरी. ती उणीव माव्याच्या शरीरात राहणारे बुकनेरा जिवाणू भरून काढतात आणि हे जिवाणू आईकडूनच पिलांत उतरतात.

या जातीचे जीवनचक्र थक्क करणारे आहे. निसर्गात नर जवळपास सापडतच नाहीत. माद्या नराशिवाय, अनिषेकजननाने, थेट जिवंत पिले देतात. आपल्याकडे अंड्याची अवस्था दिसत नाही. जन्मणारे प्रत्येक पिलू मादीच असते, आणि जन्मापूर्वीच तिच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. म्हणजे एका मादीच्या शरीरात एकाच वेळी लेक आणि नात! पिलू चार वेळा कात टाकून प्रौढ होते. कोश नसतो, पिलू आईचीच लहान प्रत दिसते. उबदार हवेत ही वाढ साधारण आठवडाभरात पुरी होते, म्हणून काल मोकळा दिसलेला शेंडा थोड्याच दिवसांत पिवळाधमक होतो. पानावर चिकटलेले पांढरे कपचे बुरशी नसून टाकलेली कात असते. घरच्या बागेत हा गैरसमज फार होतो.

शेंड्यावर गर्दी वाढली किंवा झाड जून झाले, की काही पिलांच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात. शेवटची कात टाकल्यावर ती पंखवाल्या माद्या होतात. त्यांच्या छातीचा भाग काळा आणि पंखांच्या शिरा गडद असतात. नवीन झाडावर वस्ती घालण्याचे काम त्यांचे. तिथे जन्मणारी पिले बहुतेक पुन्हा बिनपंखी.

रुई-कण्हेरीच्या चिकातील हृदयावर परिणाम करणारी विषे हा मावा अंगात साठवतो. भडक रंग ही शत्रूला दिलेली सूचना मानली जाते. वस्तीला धक्का लागला तर सगळे मावे एकदम अंग झटकतात, पाय मारतात. भिंग घेऊन हे एकदा तरी पाहावे. तरीही ढालकिडे आणि सिरफिड माश्यांच्या अळ्या त्याला खातात. बारीक परोपजीवी गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडे घालते. मग मावा फुगून तपकिरी, कागदासारखा कडक होतो आणि माशी गोल भोक पाडून बाहेर पडते.

माव्याच्या गोड स्रावावर मुंग्या येतात, पुढे काळी बुरशी धरते आणि पाने काजळतात. मोठे झाड सहसा मरत नाही. शेंडे वेडेवाकडे होतात, फुले कमी येतात. कुंडीतल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. रुईवर विषारी फवारणी मुळीच करू नये, कारण त्याच पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. तपकिरी झालेले मावेही तसेच राहू द्यावेत, कारण प्रत्येकात माव्याचा एक शत्रू वाढत असतो.