दुमुझी (तम्मुझ)

प्राचीन मेसोपोटेमियातील पशुधनाचा आणि ऋतुमानावर अवलंबून असलेल्या समृद्धीचा देव. इनाना (अक्कडियन भाषेत इश्तार) या देवीचा हा पती असून ऐन तारुण्यात मरण येऊन पाताळात ओढला गेलेला मेंढपाळ म्हणून त्याच्यासाठी शोक करण्याची प्रथा दोन हजारांहून अधिक वर्षे निरनिराळ्या रूपांत टिकून राहिली. दुमुझी हे त्याचे सुमेरियन नाव असून अक्कडियनमध्ये ते दुऊझू आणि हिब्रू व अरॅमाइकमध्ये तम्मुझ असे झाले. त्याची माता दुत्तुर ही मेंढ्यांशी संबंधित देवी होती. गेश्तिनाना ही त्याची बहीण व सूर्यदेव उतू हा मेहुणा. मेसोपोटेमियाच्या देवमंडळात त्याला अनू, एन्लिल किंवा एन्की यांच्या तोडीचे स्थान नव्हते. मात्र शोकगीतांच्या वाङ्‌मयात त्याच्याइतकी जागा क्वचितच दुसऱ्या देवाने व्यापली असेल.

त्याचे मुख्य पूजास्थान दक्षिण इराकमधील बाद-तिबिरा हे नगर. लगाशचा राजा एन्तेमेना (सुमारे इ. स. पू. २४००) याने तेथील एमुश मंदिराच्या बांधकामाचा आणि उरुकच्या राजाशी केलेल्या बंधुत्वाच्या कराराचा उल्लेख मातीच्या खिळ्यांवर कोरविला असून त्याच्या अनेक प्रती सापडल्या आहेत. हे मंदिर इनाना व लुगल-एमुश यांचे होते असे त्यांत म्हटले आहे. लुगल-एमुश म्हणजे ‘एमुशचा स्वामी’ हे दुमुझीचेच स्थानिक नाव असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मानल्यास त्याच्या उपासनेचा निश्चित पुरावा किमान इ. स. पू. चोविसाव्या शतकापर्यंत मागे नेता येतो.

दुमुझीच्या मूळ स्वरूपाविषयी मतभेद आहेत व त्यांचे कारण काही अंशी सुमेरियन राजावलीत आहे. या यादीत हे नाव दोनदा येते. जलप्रलयापूर्वीच्या राजांमध्ये ‘मेंढपाळ दुमुझी’ याने बाद-तिबिरा येथे ३६,००० वर्षे राज्य केल्याची नोंद आहे. प्रलयानंतर उरुकच्या घराण्यात लुगलबंदानंतर आणि गिलगामेशच्या आधी ‘कोळी दुमुझी’ येतो. त्याचे नगर कुआरा असून त्याच्या वाट्याला १०० वर्षे आली आहेत. त्यावरून आदाम फाल्केनश्टाइन या जर्मन सुमेरविदाने, उरुकचा एखादा प्रत्यक्ष राजा मृत्यूनंतर देवत्वाला पोहोचला असावा, असे मत मांडले. याउलट डॅनिश-अमेरिकन अभ्यासक थॉर्किल्ड याकोबसेन यांच्या मते दुमुझी मुळातच देव होता व राजावलीच्या संकलकांनी त्याला मानवी राजांच्या ओळीत बसविले. याकोबसेन यांच्या मांडणीप्रमाणे दुमुझी हे एकच दैवत नसून वेगवेगळ्या व्यवसायांच्या समाजांत घडलेल्या अनेक दैवतांचा तो संगम होय : मेंढपाळांचा दुमुझी, खजुराच्या बागाइतदारांचा अमाउशुमगलाना, आणि झाडांत व गवतात वसंतात चढणाऱ्या रसाचे रूप असलेला दामू. खजूर साठवून ठेवता येत असल्याने अमाउशुमगलानाच्या गीतांत विवाहाचा आनंद आहे, पण मृत्यू नाही. मेंढपाळाच्या गीतांत मात्र दूध आटण्याबरोबर देवही जातो, हे त्यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. दामू हा इसिन नगरात वैद्यकाशी संबंधित देवही होता आणि त्याचे दुमुझीशी झालेले एकरूपत्व मुख्यतः शोकगीतांतच दिसते, त्यामुळे या मांडणीतील सर्व दुवे सारखेच भक्कम म्हणता येत नाहीत. तरीही उपलब्ध साहित्यातील विसंगतींचा उलगडा राजाच्या दैवतीकरणापेक्षा या संगमाच्या कल्पनेने अधिक चांगला होतो.

कालगणनेतील पुरावाही याच दिशेने जातो. बॅबिलोनियन पंचांगात दुऊझू हा चौथा महिना असून तो साधारणपणे जून-जुलैमध्ये, म्हणजे दक्षिण इराकमधील गवत करपून गेल्यावर, येतो. मात्र त्याआधीच्या काळात उम्मा येथे दुमुझीच्या नावाचा महिना बारावा होता, तर लगाश राज्यात ‘दुमुझीचा उत्सव’ हा सहावा महिना होता. नगरागणिक उत्सवाची ऋतू वेगळी असेल, तर सर्व नगरांतील दुमुझी एकाच नैसर्गिक घटनेचे प्रतीक होता असे म्हणणे कठीण होते.

दुमुझीविषयक सुमेरियन रचना बहुतांशी इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या मातीच्या पाट्यांवर मिळतात. त्यांतील प्रणयगीते व विवाहगीते प्रसन्न आहेत. एका संवादकाव्यात इनानाचे मन शेतकरी एन्किम्दूकडे ओढ घेते, भाऊ उतू मात्र मेंढपाळाची बाजू घेतो. तेव्हा दुमुझी शेतकऱ्याच्या एकेका वस्तूसमोर आपली वस्तू मांडतो व त्याच्या उत्तम मद्याला आपल्या पिवळ्या दुधाने उत्तर देतो. पुढे दोघे भांडण न वाढविता समेट करतात. दुमुझीच्या स्वप्नाची कथा याहून निराळ्या प्रकृतीची आहे. स्वप्नात त्याला आपल्याभोवती लव्हाळे दाटून उगवलेले, एकटा बोरू डोलत असलेला, खुंटीवरचा पेला खाली पडलेला आणि दुधाचे डेरे आडवे झालेले दिसतात. गेश्तिनाना त्याचा अर्थ लावते : दाटलेले लव्हाळे म्हणजे त्याच्यावर चालून येणारे मारेकरी, डोलणारा बोरू म्हणजे शोकाने मान हलविणारी आई. त्यानंतर पाताळाचे ‘गल्ला’ नावाचे दूत येतात. छळ करूनही बहीण भावाचा ठावठिकाणा सांगत नाही, मित्र मात्र लाच घेऊन सांगतो. उतूच्या कृपेने हरिणाचे रूप घेऊन दुमुझी वारंवार निसटतो व अखेर बहिणीच्या मेंढवाड्यात सापडतो. डेरा आडवा पडला आहे, दूध ओतले जात नाही, दुमुझी उरला नाही, या आशयावर काव्य थांबते. त्याच्या परतीचा तेथे उल्लेख नाही.

त्याच्या मृत्यूचे कारण ‘इनानाचे पाताळगमन’ या काव्यात दिलेले आहे. मोठी बहीण एरेश्किगल हिच्या राज्यात गेलेल्या इनानाचा तेथे मृत्यू होतो आणि एन्कीच्या युक्तीने ती पुन्हा जिवंत होते. परंतु बदली माणूस दिल्याविना कोणालाही पाताळातून सुटका नसल्याने गल्ला तिच्याबरोबर वर येतात. दासी निन्शुबुर आणि आणखी दोन देव तिच्यासाठी मळकी वस्त्रे नेसून शोक करीत असतात, म्हणून ती त्यांना वाचविते. कुलाबा (उरुकचा एक भाग) येथील सफरचंदाच्या मोठ्या झाडाखाली दुमुझी मात्र उंची वस्त्रे लेऊन सिंहासनावर बसलेला असतो. संतापलेली इनाना त्याला दूतांच्या हवाली करते. ते त्याच्या मांड्या पकडतात, डेऱ्यांतील दूध ओतून देतात व त्याला पावा वाजवू देत नाहीत.

या काव्याचा शेवट हाच विसाव्या शतकातील मोठ्या वादाचा विषय ठरला. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १९०६ मध्ये अ‍ॅडोनिस, अ‍ॅटिस व ओसायरिस यांच्यावर लिहिताना तम्मुझला ‘मरून पुन्हा उठणाऱ्या’ वनस्पतिदेवतांच्या गटात घातले. त्या वेळी सुमेरियन काव्य जुळविले गेले नव्हते. फ्रेझर यांचा भर अ‍ॅडोनिसविषयीच्या ग्रीक-लॅटिन लेखनावर आणि निनेव्ह येथील असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहात मिळालेल्या, इश्तारच्या पाताळगमनावरील अक्कडियन काव्यावर होता. त्या काव्याच्या शेवटी, तम्मुझ वर येईल तेव्हा लाजवर्दी पावा व शोक करणारे स्त्री-पुरुष त्याच्यासह वर येतील आणि मृतांनाही धूपाचा वास घेता येईल, असे शब्द आहेत. ते कायमच्या पुनरुत्थानाचे की वर्षातून एकदाच्या आगमनाचे, यावर एकमत नाही. निप्पुरच्या फुटक्या पाट्यांचे फिलाडेल्फिया व इस्तंबूल येथील तुकडे जुळवून अमेरिकन सुमेरविद सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी सुमेरियन काव्य उभे केले, तेव्हा दुमुझीला पकडून नेण्यापर्यंतच कथा पोहोचत होती. परिणामी १९५० च्या दशकात दुमुझी मरतो व मेलेलाच राहतो, हे मत प्रबळ झाले. १९६३ मध्ये उर येथील पाट्यांच्या प्रकाशनात काव्याच्या अखेरच्या ओळी उपलब्ध झाल्या. हा भाग बराच खंडित आहे. मृत दुमुझीचा पत्ता एक माशी इनानाला सांगते आणि शेवटी अर्धे वर्ष दुमुझीचे व अर्धे वर्ष त्याच्या बहिणीचे, असा पाताळवासाचा वाटा ठरविला जातो. क्रेमर यांनी १९६६ मध्ये आपल्या पूर्वीच्या मतात जाहीर दुरुस्ती केली.

तथापि या दुरुस्तीने फ्रेझर यांचा सिद्धांत सिद्ध होत नाही. दुमुझीचे वर येणे येथे त्याच्या स्वतःच्या सामर्थ्याने घडत नाही. पाताळाचा नियम तसाच राहतो आणि वर येण्याची किंमत गेश्तिनाना मोजते. स्वीडिश अभ्यासक ट्रिग्वे मेटिंगर यांनी २००१ मध्ये परतीची कल्पना पुराव्यास धरून आहे असे पुन्हा प्रतिपादन केले, आणि ते अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु परतीचा आनंदोत्सव वर्णन करणारी सामग्री तुटपुंजी असून शोकाची सामग्री विपुल आहे. गिलगामेश महाकाव्याच्या सहाव्या पाटीत गिलगामेश इश्तारला तिच्या प्रियकरांची यादी ऐकवितो; तेथेही तम्मुझच्या वाट्याला तिने वर्षानुवर्षांचे रडणे नेमून दिले, एवढेच म्हटले आहे. आदापाच्या कथेत दुमुझी व गिझ्झिदा हे देशातून नाहीसे झालेले दोन देव म्हणून अनूच्या द्वाराशी उभे असतात.

दुमुझीच्या रूपात राजाने इनानाशी विवाह करण्याचा ‘पवित्र विवाह’ विधी उरच्या तिसऱ्या घराण्यातील शुल्गी आणि इसिनचा इद्दिन-दगान (इ. स. पू. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध) यांच्या स्तोत्रांवरून ओळखला जातो. इद्दिन-दगानच्या स्तोत्रात राजाला अमाउशुमगलाना म्हटले असून नववर्षाच्या वेळी राजवाड्यात मांडलेल्या शय्येचे आणि सुगंधी देवदार तेलाचे वर्णन आहे. हा विधी प्रत्यक्ष समागमाने पार पडे, की राजसत्तेला देवीची मान्यता आहे हे सांगणारी ती काव्यभाषा होती, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. अलीकडील कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

इ. स. पू. पहिल्या सहस्रकात अ‍ॅसिरियात दुऊझू महिन्याच्या अखेरीस देवाची प्रतिमा लोकांसमोर मांडून शोक केला जाई. याच दिवसांत रोग्यांसाठीही एक विधी होता : पाताळात निघालेल्या दुमुझीने जाताना आजार सोबत घेऊन जावे, अशी प्रार्थना त्यात आहे. शोकगीते प्रामुख्याने एमेसाल या सुमेरियन बोलीत असून ती ‘गला’ नावाचे पुरोहित गात.

पश्चिमेकडील प्रसाराचा सर्वपरिचित उल्लेख बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथात (८:१४) आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या उत्तरद्वारी बसून तम्मुझसाठी रडणाऱ्या स्त्रिया संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसतात. हा दृष्टान्त इ. स. पू. ५९२ मधला व सहाव्या महिन्यातला आहे, चौथ्या नव्हे. त्यामुळे ही प्रथा बॅबिलोनियन पंचांगाशी कितपत बांधलेली होती, हे सांगता येत नाही. पुढे ओरिजेन व जेरोम या ख्रिस्ती लेखकांनी तम्मुझ आणि अ‍ॅडोनिस एकच मानले. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने हर्रान (आजच्या तुर्कस्तानात) येथील स्त्रियांच्या व्रताची नोंद केली आहे : ताउझला (म्हणजे तम्मुझला) त्याच्या धन्याने मारून त्याची हाडे जात्यात दळली व वाऱ्यावर उधळली, म्हणून तम्मुझ महिन्याच्या मध्यावर त्या दळलेले काहीही न खाता भिजविलेले गहू, हरभरे, खजूर व मनुका यांवर राहत. ही कथा सुमेरियन साहित्यात आढळत नाही. हिब्रू पंचांगातील एका महिन्याचे आणि इराक, सीरिया व तुर्कस्तानात जुलैचे नाव आजही याच देवावरून आलेले आहे.

दुमुझीची खात्रीने ओळखता येईल अशी मूर्ती किंवा शिल्प नाही. उरुक येथे जर्मन उत्खननात १९३३-३४ मध्ये सापडलेल्या, सुमारे एक मीटर उंचीच्या व इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या दगडी पात्रावर इनानाच्या द्वारापुढे भेटी आणणाऱ्या शासकाची खंडित आकृती आहे. काहींनी तिचा संबंध दुमुझीशी जोडला असला, तरी पात्रावर तसे सुचविणारा लेख नाही. बगदादच्या इराक संग्रहालयातून एप्रिल २००३ मध्ये हे पात्र लुटले गेले व त्याच वर्षी जूनमध्ये तुटलेल्या स्थितीत परत मिळाले.