देखभालगृहातील किरकोळ दुखापत

देखभालगृहातील किरकोळ दुखापत : वृद्धाश्रमात, अपंगांच्या निवासगृहात, दिवसभराच्या सांभाळ केंद्रात किंवा घरी येणाऱ्या काळजीवाहकाच्या देखरेखीखाली असलेल्या व्यक्तीला झालेली, सामान्यतः प्रथमोपचाराने भागणारी इजा. खरचटणे, लहानसा काप, मुका मार, चटका, घोळणा फुटणे, कातडी सोलवटणे हे तिचे नेहमीचे प्रकार. घरगुती प्रथमोपचारापेक्षा हा विषय वेगळा ठरतो, कारण इथे जखमी व्यक्तीला काय झाले हे पुष्कळदा सांगता येत नाही आणि उपचार करणाऱ्याला आपण काय पाहिले व काय केले याचा जाब द्यावा लागतो. म्हणून ‘किरकोळ’ हा शिक्का पाहणी संपल्यावरच मारायचा असतो. तो जखमेच्या आकारावरून मारणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

पडलेल्या व्यक्तीला चटकन उठवून बसवण्याचा मोह आवरावा लागतो. शुद्ध, श्वास, रक्तस्राव आणि दुखणारी जागा आधी पाहावी. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याचा दाट संशय घ्यावा. मात्र मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसली असतील, तर तीच व्यक्ती चार पावले चालूनही दाखवते; चालता येते म्हणजे हाड शाबूत, हा हिशेब धोक्याचा आहे. पडण्यामागचे कारणही शोधावे लागते. उभे राहताना रक्तदाब उतरणे, रक्तातील साखर कमी होणे, पक्षाघाताची सुरुवात यांपैकी काही असेल, तर गुडघ्यावरचे खरचटणे ही त्यातली सर्वांत लहान बाब असते.

हात धुऊन हातमोजे घालावेत आणि आपण काय करणार आहोत हे व्यक्तीला सांगून तिची संमती घ्यावी. स्मृतिभ्रंश असला तरी हे सांगणे टाळू नये; न सांगता दंड पकडला की घाबरून झटापट होते आणि एका जखमेच्या दोन होतात.

वृद्धांच्या बाबतीत सर्वाधिक कौशल्य लागते ते कातडी सोलवटण्याच्या जखमेला. वयानुसार त्वचेचे वरचे व खालचे थर एकमेकांत गुंतवून ठेवणारे उंचवटे सपाट होत जातात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा आणखी विरळ होते. मग खुर्चीच्या हाताला कोपर घासणे किंवा चिकटपट्टी ओढून काढणे एवढेही पुरते. सुटलेला पापुद्रा कापून टाकू नये. तोच उत्तम आच्छादन असतो. रक्त थांबवून, सलाइनने जखम धुऊन, ओल्या गॉजने किंवा हातमोज्यातल्या बोटाने तो अलगद मूळ जागी सरकवावा. ताणून बसवू नये. वर न चिकटणारे, शक्यतो सिलिकॉनचे ड्रेसिंग लावून ते कोणत्या दिशेने काढायचे याचा बाण त्यावर काढून ठेवतात. बाण नसेल, तर पुढच्या पाळीतला माणूस उलट्या बाजूने ओढतो आणि बसवलेला पापुद्रा पुन्हा सुटतो. या जखमांचे तीन प्रकार मानतात : पापुद्रा पूर्ण जागी बसणारा, त्याचा काही भाग गेलेला आणि तो पूर्णच गेलेला.

इतर इजांचे उपचार सर्वपरिचित आहेत. वाहत्या रक्तावर सुमारे १० मिनिटे सलग दाब द्यावा. मधूनमधून उचलून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी निघते. घोळणा फुटल्यास पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे दाबून धरावा. मान मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. चटक्यावर २० मिनिटे गार वाहते पाणी सोडावे. बर्फ व टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत.

जखम लहान पण धोका मोठा, असे प्रसंग मुख्यतः दोन. रक्त पातळ करणारी औषधे, उदाहरणार्थ वॉरफरिन किंवा अ‍ॅपिक्साबॅन, घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर टेंगूळ नसले तरी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साचणारे रक्त काही आठवड्यांनीही गुंगी, गोंधळ किंवा तोल जाणे अशा रूपात प्रकट होऊ शकते. दुसरा प्रसंग मधुमेह्याच्या पायाचा. संवेदना गेलेल्या तळव्याची जखम दुखत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वेदना चेहरा, कण्हणे, श्वासाची लय आणि अंग आक्रसणे यांवरून ओळखाव्या लागतात. अ‍ॅबी वेदना मापनश्रेणी (२००४) ही अशा निरीक्षणासाठीच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकरिता तयार झाली. नेहमी भांडणारी व्यक्ती एकाएकी गप्प झाली, तर तीही खूणच समजावी.

घटनेची नोंद त्याच पाळीत, डोळ्यांनी पाहिलेले व तर्काने जोडलेले वेगळे ठेवून करतात. ‘न्हाणीघरात घसरून पडल्या’ हे पाहिले नसेल, तर ‘न्हाणीघरात जमिनीवर बसलेल्या आढळल्या’ एवढेच लिहावे. शरीराच्या आकृतीवर जखमेची जागा दाखवून लांबी-रुंदी मोजून लिहावी. काळानिळा डाग किती दिवसांचा आहे, हे रंगावरून सांगण्याची सवय सोडलेली बरी; त्या अंदाजाला भरवशाचा आधार नाही. डागाची जागा मात्र बोलकी असते. कान, मान, दंडाची वा मांडीची आतली बाजू यांवरचे किंवा बोटांच्या ठशांसारखे डाग दिसले, तर जबरदस्तीची शक्यता गृहीत धरून वरिष्ठांना कळवणे बंधनकारक मानले जाते, मग संशय सहकाऱ्यावर का असेना. नातेवाइकांना त्याच दिवशी कळवावे. भेटीला आल्यावर पट्टी दिसली, की साधी जखमही लपवलेली वाटते.

धनुर्वाताच्या लशीची तारीख पाहावी लागते. शेवटची मात्रा स्वच्छ जखमेसाठी १०, तर मळलेल्या जखमेसाठी ५ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर सामान्यतः पुन्हा मात्रा देतात. पुढचे काही दिवस लाली पसरणे, ऊब, पू व ताप यांवर लक्ष ठेवतात. नोंदी महिनाअखेरीस एकत्र वाचल्या, तर एकच कोपर, एकच पलंग किंवा पाळी बदलण्याची एकच वेळ पुन्हापुन्हा दिसू शकते. तेव्हा खुर्चीच्या हाताला गादी लावणे किंवा त्या वेळी एक माणूस वाढवणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.